न दुखणारे दुखणे

पूर्वी दिवाळीत कोणाच्या घरी गेले आणि फराळाचे ताट पुढे आले, की पाहुणा "अहो, एवढे कशाला?" असे म्हणे आणि मग गप्पांच्या नादात ताट स्वच्छ करून टाकी. अलीकडे पहिला प्रश्न निराळा असतो. "चिवड्यात मीठ बेताचे आहे ना? आम्हांला बीपी आहे." आमच्या पलूसला हे "बीपी आहे" एकेकजण अशा थाटात सांगतो, की जणू काही ते त्याने बागाईत जमिनीसारखे कष्टाने कमावले आहे. मागे एका दिवाळीत आमच्याकडे आलेले एक गृहस्थ असेच म्हणाले, तेव्हा मी थट्टेने त्यांना म्हटले, "अहो, बीपी सर्वांनाच असते. ज्याला ते उरत नाही त्याला चौघे मिळून उचलतात." मंडळी हसली. मीही हसलो. हसता हसता माझी नजर सोप्यातल्या खाटेकडे गेली. तिथे माझे थोरले बंधू बसले होते. त्यांनाही विनोद कळला होता. परंतु त्यांचा अर्धाच चेहरा हसला.

त्या अर्ध्या हसण्याविषयी मला आज लिहावयाचे आहे. सणासुदीच्या अंकात दुखण्याचा विषय काढणे बरे नव्हे, हे मी जाणतो. परंतु घरातली सारी माणसे एकत्र बसून एकच अंक हाती घेतात ती याच दिवसांत, आणि माझे सांगणे एकट्यादुकट्याला सांगण्यासारखे नाही. ते सगळ्या घराला सांगण्यासारखे आहे.

दादांना मी कधी आजारी पाहिले नव्हते. मी शिकावे म्हणून त्यांनी शाळा सोडली आणि वडिलांच्या मागे शेत सांभाळले. थोडा ऊस, थोडी द्राक्षबाग, दोन म्हशी. कधी ताप आला तर तो ते अंगावर काढीत. "दुखणे अंगावर काढणे" हा आपल्याकडे पुरुषार्थ समजला जातो, आणि या पुरुषार्थात दादा गावात कोणाला हार जाणारे नव्हते.

एके वर्षी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आरोग्य तपासणीचे शिबिर भरले. दादा नातवाचा विसरलेला डबा घेऊन आले होते. आरोग्यसेविकेने सहज म्हटले, "बसा की काका, दोन मिनिटांचं काम आहे." दादा गंमत म्हणून बसले. तिने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला आणि काही न बोलता त्यांना थोडा वेळ शांत बसवून पुन्हा पाहिला. १९० आणि ११०. दादा मोठ्याने हसले.

"आगं पोरी, तुझं ह्ये यंत्र बिघडलंय. सकाळीच मी पन्नास किलोचं पोतं उचलून ट्रॉलीत टाकलंय. मला काय बी हुत न्हाई."

ती पोरगी शहाणी होती. तिने वाद घातला नाही. एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली. "गुरुजी, यांना उद्याच डॉक्टरांकडे न्या. तुमचं ऐकतील ते." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता तुम्हीही बसा." मी बसलो. माझा आकडा १५६ आणि ९८ निघाला. तिने दुसरी चिठ्ठी लिहिली.

दोन्ही चिठ्ठ्या मी खिशात घातल्या. घरी आल्यावर त्या टेबलाच्या खणात, घटक चाचणीच्या पेपरांखाली गेल्या.

रात्री जेवताना मी दादांना विचारले, नाही असे नाही. ते म्हणाले, "आरं, छाटणी तोंडावर आलीया. मानसं सांगून ठिवल्यात. छाटणी हू दे, मग बघू." ऑक्टोबरची छाटणी झाली. मग विरळणी आली, मग औषधांच्या फवारण्या आल्या, मग माल काढण्याची गडबड, मग धाकट्या पुतणीचे लग्न. शेतकऱ्याच्या वर्षात आजारी पडायला मोकळा असा आठवडा कुठे असतो? मी एकदा विचारले होते. दुसऱ्यांदा विचारले नाही. याचे कारण मी इतरांना निरनिराळे सांगत आलो. वडील माणसाला किती टोकावे, ते माझे ऐकत नसत, कामाचा मोसम होता. खरे कारण इतके साधे आहे की ते लिहावयास लाज वाटते. मी आग्रह धरला असता, तर दादांनी एवढेच विचारले असते, "तू गेलास का रं दाखवायला?" आणि मी गेलो नव्हतो.

पुढल्या श्रावणात एका पहाटे म्हैस पिळताना त्यांच्या हातातून चरवी निसटली. वहिनी म्हणतात, सांडलेल्या दुधाकडे पाहून ते प्रथम हसले. मग काहीतरी बोलू लागले, आणि त्या बोलण्यात शब्दच नव्हते. जीव वाचला. उजवा हात आणि बरीचशी वाचा गेली.

खणातली ती चिठ्ठी मला त्यानंतर तिसऱ्या दिवशी सापडली. शोधावी लागली नाही. ती कुठे आहे हे मला सारे वर्षभर ठाऊक होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. जे दुखत नाही त्याच्याशी माणसाचे कर्तव्य कोणते? दात दुखला तर वैद्याकडे जाण्यासाठी नीतीचा उपदेश लागत नाही. दातच आपल्याला ओढून नेतो. वेदना ही शरीराने आपल्याच दारात येऊन केलेली तक्रार आहे. रक्तदाब तशी तक्रार करीत नाही. नळातून पाणी अधिक जोराने सोडीत राहावे आणि नळ मात्र वरून कोरडा व थंड दिसावा, तसे ते आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर रात्रंदिवस जादा भार पडतो, त्या जाड व ताठर होत जातात, हृदय थकते, मूत्रपिंडाची बारीक जाळी बिघडते, आणि हे सर्व चालू असताना माणूस पोती उचलीत असतो, लग्नात जेवणावळी वाढीत असतो. बहुतेकांना डोकेदुखीसुद्धा होत नाही. "मला काय बी हुत न्हाई" हे दादांचे वाक्य खोटे नव्हते. त्यांना खरोखरच काही होत नव्हते. म्हणजे, जाणवत नव्हते.

आपल्या पूर्वजांनी भुकेवर म्हणी केल्या, कर्जावर केल्या, सासुरवासावर केल्या. याच्यावर एकही नाही. कशी असणार? हे दुखणे माणसाला दिसू लागून अजून फार दिवस झालेले नाहीत. १७३३ मध्ये स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडून तिच्यात रक्त किती उंच चढते ते पाहिल्याची हकीकत प्रसिद्ध केली. पण अशी नळी जिवंत माणसाला कोण लावून घेणार! १८९६ मध्ये इटलीतील रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणि पारा यांची युक्ती काढली. १९०५ मध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखाली कानाची नळी लावून ऐकू येणाऱ्या ठोक्यांवरून वरचा व खालचा, दोन्ही आकडे सांगता येतात हे दाखवून दिले. म्हणजे पुरती सव्वाशे वर्षेही झाली नाहीत. हजारो वर्षे माणसाने "जे जाणवते तेच खरे" या विश्वासावर शरीर चालविले, आणि आता एकाएकी त्याला सांगितले जात आहे, की तुझ्या जाणिवेपेक्षा दंडावरच्या पट्ट्यावर अधिक विश्वास ठेव. खेडेगावच्या माणसाने याला हसावे, यात मला नवल वाटत नाही.

आणि हे हसणे खेडेगावचेच आहे, असेही नाही. १९४४ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना हृदयरोगाच्या डॉक्टरांनी तपासले, तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६ आणि १०८ होता. लोकांना मात्र त्यांची प्रकृती ठीक असल्याचे सांगण्यात येत होते. पुढे वर्षभर ते डॉक्टर त्यांना तपासत राहिले. अध्यक्षांनी आपला आकडा किती, हे त्यांना विचारले नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले. ज्याच्या टेबलावर साऱ्या जगाच्या लढाईचे नकाशे येत होते, त्याने एवढा एकच नकाशा उघडून पाहिला नाही. दादांमध्ये आणि त्यांच्यामध्ये मला याबाबतीत काही अंतर दिसत नाही.

फरक एकच आहे, आणि तो आपल्याविरुद्ध जातो. रूझवेल्ट यांच्या वेळी डॉक्टरांच्या हाती परिणामकारक औषध जवळजवळ नव्हते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा गुण इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि आपल्या रानातल्या एका झुडपाकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. पुढे त्याहून सौम्य व सोयीची औषधे निघाली. आज रोजची एक लहानशी गोळी पुष्कळांना पुरते, आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. तेव्हा अज्ञान ही सबब होती. आज ती माझ्यासारख्या मास्तराला तरी उरलेली नाही.

मला हे सारे पुस्तकापेक्षा आमच्या जमिनीने अधिक चांगले समजावून दिले. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठाला हिंडलात, तर काळ्याभोर शिवारात मधेच पांढरी पडलेली रिकामी रानं दिसतील. परक्याला वाटते, ही जमीन मुळातच नापीक असेल. तसे नाही. ही आमची सोन्यासारखी जमीन होती. पाणी आले, ऊस आला, पाण्यावर पाणी देत गेलो. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर वर चढू लागली आणि तिच्याबरोबर पोटातले क्षारही वर आले. पहिली काही वर्षे कोणाला काही कळले नाही. ऊस डोलतच होता. मग टनेज थोडे उतरले, मग एका कोपऱ्यात उगवण झाली नाही, आणि एका उन्हाळ्यात पाहतो तो वरती मीठ फुटलेले. जमीन ओरडली नाही. ओरडली असती, तर कुणब्याने ती ऐकली असती.

या गोष्टीचा आणखी एक पदर आहे, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. अशी जमीन पुन्हा सुधारायची, तर तिच्या पोटात छिद्रांचे नळ घालून खारे पाणी बाहेर काढावे लागते. ते पाणी सोडायला चर लागतो, आणि चर एकट्याच्या रानातून संपत नाही. तो शेजाऱ्याच्या बांधावरून पुढे न्यावा लागतो. माझ्या रानातले जादा पाणी खालच्या रानात उतरते. "माझे रान, मी वाटेल तितके पाणी देईन," असे म्हणणारा माणूस आपल्या शेजाऱ्याची जमीन नासवीत असतो, आणि हे त्याच्या गावीही नसते.

"माझे शरीर, मी बघून घेईन," या म्हणण्याचे तसेच आहे. हा युक्तिवाद मला पूर्वी फार पटत असे. माणसाने आपल्या मर्जीने जगावे, न जाणवणाऱ्या गोष्टीची धास्ती आयुष्यभर का बाळगावी, गोळीच्या डबीत आपले स्वातंत्र्य का कोंडावे? यात काही तथ्य नाही असे मी म्हणत नाही. आकड्यांच्या भीतीने सकाळ-संध्याकाळ दंडाला पट्टा बांधणारी माणसेही मी पाहिली आहेत. ती जगत नाहीत, नुसती मोजीत असतात. परंतु दादांच्या खाटेशी बसून मी हा युक्तिवाद तपासून पाहिला, तेव्हा त्याच्यातला एक खोटा आकडा माझ्या ध्यानात आला. दादांच्या रक्तदाबाची किंमत दादांनी एकट्यांनी भरलेली नाही. त्यांना पहाटे उठवून तोंड धुववणारी वहिनी ती किंमत भरते. द्राक्षबाग खंडाने द्यावी लागली म्हणून पुण्याला कंपनीत गेलेला पुतण्या ती भरतो. अंगावर काढतो म्हणणारा माणूस पुष्कळदा ते दुसऱ्याच्या अंगावर काढीत असतो, आणि ते अंग बहुधा घरातल्या बाईचे असते.

हे आमच्याच घरात घडले असते तर मी त्याला दैव म्हटले असते. परंतु गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभारलेल्या 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या खेड्यांतून २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा सर्वांत पुढे पक्षाघात निघाला. दर सात मृत्यूंतला सुमारे एक. त्यांतले बहुतेक लोक घरीच गेले. जंगलातल्या, कष्टाच्या, साध्या खाण्याच्या मुलखात! रक्तदाब हा शहरातल्या बसून खाणाऱ्या लोकांचा रोग, ही आपली समजूत त्या दिवशीच मोडावयास हवी होती. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरील स्त्रियांत शेकडा २१ आणि पुरुषांत शेकडा २४ जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी गोळी चालू होती. आपल्या पंक्तीला बसलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवा आणि दर चौथ्या-पाचव्या पानापाशी थांबा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

घाम गाळणाऱ्याला मीठ लागतेच, असे आमचे लोक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ पुरे. आमच्या खर्ड्यात, लोणच्यात, पापडात आणि भाकरीबरोबर ताटाच्या कडेला वाढलेल्या चिमटीत मिळून तो चमचा न्याहारीलाच भरत असेल. तंबाखू आणि मिश्री हृदयावरचा धोका आणखी वाढवितात, ते वेगळेच.

परंतु सगळा दोष दुखणाऱ्या—चुकलो, न दुखणाऱ्या—माणसाच्या माथी मारून मोकळे होणे, हेही मला नीतीचे वाटत नाही. ज्या बाईचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची चूल अडते, तिला "महिन्याला येऊन गोळ्या घेऊन जा" असे सांगणे सोपे आहे. ती आली आणि गोळ्या संपल्या आहेत असे ऐकून परत गेली, तर पुढल्या महिन्यात ती येणार नाही, आणि तिला हट्टी म्हणण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही. कर्तव्य दोन्ही टोकांनी धरावे लागते.

ते धरता येते, याचे उदाहरण फार लांब नाही. पूर्वी आमचाही जिल्हा साताराच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० पासून त्याला सांगली म्हणू लागले. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, तो महाराष्ट्रात सुरुवातीला चारच जिल्ह्यांत होता, आणि त्यांत सातारा होता. बाकीचे सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. त्यात जगावेगळे असे काही नव्हते. ठरावीक थोडी औषधे, ती गावाजवळच्या केंद्रातच मिळावीत, एका वेळी महिन्याची द्यावीत, प्रत्येकाच्या नावाचे कार्ड असावे, आणि जो ठरल्या दिवशी येणार नाही त्याला फोन करून किंवा घरी जाऊन विचारावे. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचे पारितोषिक मिळाले. मला त्यातले शेवटचे कलम सर्वांत मोठे वाटते. जो आला नाही त्याला विचारावे. आपल्या भाषेत याला "विचारपूस" असा जुना, गोड शब्द आहे. न बोलणाऱ्या दुखण्यावर पहिले औषध तेच असले पाहिजे. कारण शरीर जिथे तक्रार करीत नाही, तिथे दुसऱ्या कोणीतरी विचारल्याशिवाय ती तक्रार नोंदलीच जाणार नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे सापडले आहे. वेदना माणसाला स्वतःसाठी दवाखान्यात नेते. वेदना नसेल, तर त्याला नेण्यास माया लागते. कोणीतरी त्याच्यावर केलेली, किंवा त्याने कोणावर तरी केलेली. गोळी घेणे हे मरणाच्या भीतीचे लक्षण आहे, असे मी समजत असे. आता मला वाटते, ते घरच्या माणसांचे देणे आहे. दूधवाल्याचे बिल किंवा सोसायटीचा हप्ता द्यावा, तितक्याच निमूटपणे रोज द्यावयाचे. आणि दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार ज्याला हवा असेल, त्याने आधी स्वतःचा दंड पुढे करावा. मी ते केले असते, तर दादांच्या त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर असते.

पहिल्यांदा मी माझा आकडा वर्षभर घरात सांगितला नव्हता. आता मी रोज गोळी घेतो आणि सर्वांसमक्ष घेतो. शाळेत पालकसभा झाली, की शेवटी मी एक वाक्य हटकून बोलतो, "तुम्ही दंडाला पट्टा शेवटचा कधी बांधलात?" पालक हसतात. काहीजण जाऊन मोजून येतात. मला तेवढे पुरे आहे. दादांचे जे गेले ते त्याने परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याची फेड मी मागतही नाही.

ती चिठ्ठी मी दादांना दाखविली. कबूल केल्याशिवाय मला राहवले नाही. त्यांनी ती डाव्या हातात घेतली, बराच वेळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. त्यांना काय म्हणायचे होते, ते त्यांना सांगता आले नाही. त्यांनी डावा हात माझ्या दंडावर ठेवला, नेमका जिथे पट्टा बांधतात तिथे. त्यात क्षमा होती की आज्ञा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दोन्ही असेल, असे धरून मी चालतो.

यंदाही दिवाळीला आमच्याकडे चकल्या झाल्या, चिवडा झाला. मीठ वहिनींनी बेताचे घातले आहे. पहिल्या वर्षी तो चिवडा आम्हांला आळणी लागला होता, आता दुसऱ्यांचा खारट लागतो. पाडव्याच्या सकाळी ओवाळून झाल्यावर मी फराळाच्या ताटाकडे हात नेला, तर आतून वहिनींचा आवाज आला,

"भाऊजी, आधी गोळी घेतली का?"

सोप्यातून दादांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली. मी उठलो आणि पाण्याचा तांब्या घेतला.